टाउन हॉल, कोल्हापूर: एक दालन तीन महिने तुमच्याकडे दिलं तर काय मांडाल?

कोटीतीर्थकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी लेकीला घेऊन टाउन हॉलच्या संग्रहालयात गेले होते. चौथीत आहे, शाळेत 'आपल्या गावातली जुनी वस्तू' असा प्रकल्प दिलाय. मी स्वतः शेवटची गेले होते सातवीच्या सहलीत. सीपीआर रुग्णालयाच्या चौकातून रोज स्कूटर नेते, पण गेटातून आत वळणं पंचवीस वर्षांत झालं नाही.

लेकीनं तलवारी भराभर बघितल्या आणि पोसायडनसमोर थांबली. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली ती कांस्याची मूर्ती, वीतभरसुद्धा नाही. एक हात वर. म्हणाली, "आई, हा कुणाला हाक मारतोय?" मी सांगितलं, तो समुद्राचा देव आहे, हातात त्रिशूळ होता, तो हरवलाय. तर म्हणे, "समुद्राचा देव पंचगंगेकाठी काय करत होता?" मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. ते दोन वाक्यांत संपलं.

पुढे आबालाल रहिमान यांची चित्रं. पाणी, काठ, झाडी. तिथं तिनं विचारलं, "हे आपलं तळं का?" आम्ही कोटीतीर्थाजवळ राहतो. आबालालही तिथंच राहायचे, हे तिला सांगितल्यावर ती त्या चित्रासमोरून हलेना. घरी येताना तळ्यापाशी गाडी थांबवायला लावली आणि डोळे बारीक करून बघत बसली.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. समजा एक दालन तीन महिन्यांसाठी तुमच्या ताब्यात दिलं, तर काय मांडाल? अट एकच, सगळं कोल्हापूर आणि आसपासचं हवं. माझं उत्तर आधी देते: आबालालांची फक्त दहा चित्रं, आणि प्रत्येक चित्राशेजारी ती जागा आज कशी दिसते त्याचा फोटो. बास.

रंकाळावारा

बाबूराव पेंटर. विषय संपला.

संपला नाही, थोडं लिहितो. १८९० चा जन्म, १९५४ ला गेले. त्या एका आयुष्यात माणसानं नाटकाचे पडदे रंगवले, भाऊ आनंदरावांबरोबर कॅमेरा जुळवत बसले, आनंदराव १९१६ साली अर्ध्यातच गेले तरी ते काम पुरं केलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, शिल्पं घडवली आणि स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली. आमच्या पोरांना ते फक्त 'सिनेमावाले' म्हणून माहीत. चित्रं, शिल्पं, पोस्टरं, कॅमेऱ्याचे फोटो एकाच खोलीत मांडा. आत गेलेला माणूस बाहेर येताना म्हणेल, हे सगळं एकाच माणसानं केलं?

उंबरठा

दोन्ही नावं आदराची आहेत. पण माझं मत वेगळं पडतं. आपण कोल्हापूरकर 'कलापूर' म्हटलं की शंभर वर्षं मागं जातो. दळवीज्, कलानिकेतन या इथल्या कलाशिक्षणाच्या संस्थांतून दरवर्षी पोरं बाहेर पडतात, त्यांचं काय? माझा भाचा शिल्पकला शिकला. पहिलं प्रदर्शन मांडायचं तर हॉलचं भाडं, फ्रेमा, पेडेस्टल, टेम्पो, छापील पत्रिका, सगळा खर्च घरच्यांनी उचलला. चार दिवस प्रदर्शन होतं, आलेले निम्मे लोक नातेवाईक. मला दालन दिलं तर मी तीन महिने तिशीच्या आतल्यांना देईन. संग्रहालयाच्या भिंतीवर चित्र लागणं ही त्या वयात फार मोठी गोष्ट असते.

तांबडापांढरा

माझं दालन बागेत असेल. टाउन हॉलच्या झाडांवरची वटवाघळं. प्रवेश मोफत, वेळ संध्याकाळी साडेसहा, कलाकार स्वतः उपस्थित राहतील. 😄

गंमत सोडा, पण लहानपणी वडील आम्हाला तिथं न्यायचे ते वटवाघळं उडताना बघायला, आणि संग्रहालय आपोआप बघून व्हायचं. पोरांना आत न्यायला असलं काहीतरी लागतंच.

जलरंगी

कागदावरच्या कामांच्या जतनाचं काम करते म्हणून लिहिते. कोटीतीर्थकाठ, तुमची 'दहाच चित्रं, तीन महिने' ही कल्पना मला मनापासून आवडली, आणि त्यामागं एक कारण आहे जे सहसा कुणी बोलत नाही.

जलरंग उजेडाला फार नाजूक. त्यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू नये असा दंडक आहे. तैलरंगाला २०० पर्यंत चालतं. दुपारी खिडकीशेजारी हाच आकडा हजारांत जातो. आणि उजेडानं झालेली हानी साठत जाते, रात्री दिवे मालवले म्हणून भरून निघत नाही. आधी गुलाबी आणि जांभळ्या छटा उडतात, कागद पिवळट पडतो. चित्र फ्रेममधून काढलं की माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली कड दिसते. तिथं मूळ रंग टिकलेला असतो, आणि बोटभर अंतरावर तोच रंग फिका झालेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अक्षरशः गलबलून आलं होतं.

म्हणून कागदावरची चित्रं आलटूनपालटून लावायची असतात. तीन महिने भिंतीवर, मग बराच काळ अंधारात विश्रांती. लोकांना वाटतं चित्रं 'गोदामात टाकली'. टाकलेली नसतात, झोपवलेली असतात.

कोल्हापूरच्या पावसाचा प्रश्न वेगळा. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा की काचेच्या आत बुरशीचे ठिपके येतात, कॅनव्हास सैल पडतो. तुम्ही प्रदर्शन ठेवलंत तर कृपा करून दिवाळीनंतर ठेवा.

रंकाळावारा

@जलरंगी, ताई, हे वाचून आमच्या घरातला आजोबांचा जलरंग आठवला. बैठकीत खिडकीसमोर टांगलाय. तीस वर्षं. आत्ता उठून काढू?

जलरंगी

काढा, पण आज नुसती जागा बदला. उन्हाची तिरीप येणार नाही अशी आतली भिंत बघा, आणि बाहेरच्या ओलीच्या भिंतीवर लावू नका. फ्रेमच्या मागं दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळेल. फ्रेम स्वतः उघडू नका. कागद काचेला चिकटलेला असेल तर ओढताना रंग काचेवर राहतो.

हडसनकाठ

मी मूळची शुक्रवार पेठेतली, आता न्यू जर्सीत. हा धागा उघडला आणि पोसायडनचं नाव वाचून अंगावर काटा आला.

२०२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये भारतातल्या प्राचीन बौद्ध कलेचं मोठं प्रदर्शन होतं. नाव 'वृक्ष आणि नाग' अशा अर्थाचं. मी आणि नवरा मोठमोठी दगडी शिल्पं बघत चाललो होतो. एका काचेच्या पेटीत ब्राँझच्या छोट्या वस्तू होत्या. वाकून पाटी वाचली तर 'कोल्हापूर, ब्रह्मपुरी'. शेजारी आमच्या टाउन हॉलचं नाव. आत तो उभा, हात वर करून.

मी शाळेत असताना त्याला नक्की पाहिलं असणार, पण आठवत नव्हतं. तिथं मंद उजेड, काळी पार्श्वभूमी, बरोबर त्याच्या चेहऱ्यावर पडलेला एक छोटा दिवा. त्याच्या दाढीचे केस मला पहिल्यांदा दिसले. पोटाचे स्नायू दिसले. शेजारी एक परकी बाई तिच्या मुलाला सांगत होती, रोममधून हा भारतात गेला, व्यापाऱ्यांबरोबर. मी तिला सांगितलं, मी त्या गावची. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला घेऊन आले होते.

घरी येऊन आईला फोन केला. आई म्हणाली, "अगं, तो तर आपल्या सीपीआरसमोरचा." मला म्हणायचंय एवढंच, की वस्तू तीच, पण तिला एक पेटी, एक दिवा आणि सभोवती थोडी मोकळी जागा मिळाली. ते तर आपल्याकडेही करता येईल ना?

कोटीतीर्थकाठ

@हडसनकाठ, लेकीला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: "तो विमानानं गेला का? परत आला ना?" मी म्हटलं, आला, आपण रविवारी पाहिला तो कोण होता मग. तर म्हणाली, म्हणजे त्याचा हा दुसरा प्रवास.

जुनीनाणी

@कोटीतीर्थकाठ, लेकीचा मूळ प्रश्न फार चांगला आहे, समुद्राचा देव पंचगंगेकाठी कशाला. माझं प्रदर्शन हेच असेल. नावही तेच देईन.

ही कांस्यं १९४४ च्या सुमारास ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडली. मग १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं. या वस्तूंमुळेच संग्रहालय सुरू झालं, आणि १९४९ पासून ते टाउन हॉलमध्ये आहे. सातवाहनांच्या काळात इथं चांगलं नांदतं गाव होतं. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं तेव्हा रोमन जगाशी व्यापार करत होती. माल घाट चढून देशावर यायचा. त्या वाटेनं हा देव आला असणार, कुणाच्या तरी गाठोड्यात. पूजेसाठी आणला, शोभेसाठी आणला, की धातू म्हणून मोडीत घ्यायला आणला, हे त्याचं तोच जाणे.

पण नुसता पोसायडन मांडून भागणार नाही. त्याच्यासोबत सापडलेला हत्तीवर बसलेल्या माणसांचा ब्राँझ बघितलाय का कुणी नीट? तो आपल्याकडच्या घडणीचा. हत्तीवर माणसं दाटीवाटीनं बसलेली आहेत, आणि त्यांच्या बसण्यात जी ऐट आहे ती थेट आपल्या मिरवणुकीतली. परदेशी देव आणि देशी हत्ती, एकाच टेकाडातले. दोघांना समोरासमोर ठेवा. मधे जमिनीवर पश्चिम किनारा, घाट आणि पंचगंगा दाखवणारा मोठा नकाशा रंगवा, पोरं त्यावरून चालत जातील अशा बेतानं.

उंबरठा

वा. हे प्रदर्शन असेल तर मी माझ्या भाच्याचे तीन महिने तुम्हाला द्यायला तयार आहे. पण तो नकाशा त्याच्याकडून रंगवून घ्यायचा.

जुनीनाणी

ठरलं.

साताऱ्याचीसई

कोल्हापूरकरांनो, थोडं वर औंधला या. खटाव तालुक्यातलं छोटं गाव, यमाईचं देऊळ, आणि त्या डोंगराच्या चढावर श्री भवानी चित्रसंग्रहालय. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलं. राजा स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' तिथं आहे, धुरंधरांची कामं आहेत, आणि हेन्री मूर यांचं 'माता आणि बालक' हे छोटं दगडी शिल्पसुद्धा. जगातले लोक मूर बघायला लंडनला जातात, आमच्या खटावात एसटीनं जाता येतं.

@जलरंगी यांनी उजेडाचं लिहिलं म्हणून मुद्दाम सांगते. औंधच्या इमारतीत नैसर्गिक उजेड वरून येतो, छताकडून झिरपत. दुपारी दिवा न लावता चित्रं दिसतात, आणि काचेवर आपलाच चेहरा दिसत नाही. सैरंध्रीसमोर मी एकदा पाऊण तास उभी होते. कीचकाकडे जायला सांगितलंय, हातात पात्र आहे, आणि ती जात नाहीये. तिचं ते आक्रसलेलं अंग फोटोत कधीच कळत नाही.

मिरजकर_दादा

कोल्हापुरात प्रदर्शन मांडायचं तर सूर हवेतच. रंगबहार या कलासंस्थेची 'मैफल रंगसुरांची' कुणी पाहिली आहे का? थंडीत, टाउन हॉलच्याच बागेत. एकीकडे गाणं चाललंय, आणि झाडाखाली चित्रकार चित्र काढतायत, शिल्पकार मातीत हात घालून बसलेत. लोक हळूहळू मागं सरकून जागा देतात. मी दरवेळी मिरजेहून पहाटेची गाडी पकडतो. एकदा एका शिल्पकारानं समोर बसलेल्या म्हाताऱ्याचं मस्तक घडवलं, आणि पूर्ण झाल्यावर तो म्हातारा उठून आला, मातीच्या गालाला हात लावायला गेला आणि मधेच थांबला. आपलाच गाल, तरी त्याला वाटलं विचारल्याशिवाय लावू नये.

माझ्या दालनात हेच. रोज एक चित्रकार येऊन तिथंच काम करेल. तयार चित्र बघणं वेगळं, कोऱ्या कागदावर पहिला ओघळ उतरताना बघणं वेगळं.

भिंगरी

या म्हाताऱ्यावरून सुचलं. माझ्या वडिलांची दृष्टी गेली आठ वर्षांपूर्वी. त्याआधी ते दर दिवाळीला कुठलं ना कुठलं प्रदर्शन बघायचे. आता मी चित्राचं वर्णन करते आणि ते ऐकतात, पण मध्येच म्हणतात, "तू मत सांगतेस, चित्र सांगत नाहीस."

पोसायडनची एक प्रतिकृती बाहेर ठेवा, हात लावता येईल अशी. कांस्याचीच, तेवढ्याच वजनाची. हत्तीचीही. वडिलांना वर केलेला तो हात चाचपून बघता येईल. एवढं झालं तरी माझ्यासाठी ते प्रदर्शन पूर्ण.

जुनीनाणी

@भिंगरी, हे आमच्या यादीत सगळ्यात वर घेतलं. मूळ कांस्याला घामाचा हात लागला तर फार वाईट. दमट हवेत त्यावर फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके येतात आणि धातू आतून खात जातो. म्हणून मूळ पेटीत आणि प्रतिकृती हातात, हेच योग्य. पोरांनाही नुसतं बघण्यापेक्षा धरायला मिळेल.

पडद्याचा_नातू

मी इथं सहसा लिहीत नाही, वाचतो. @रंकाळावारा यांनी पडद्यांचा उल्लेख केला म्हणून.

माझे आजोबा नाटक कंपनीत पडदे ओढायचे. जंगल, दरबार, रस्ता, देऊळ. चार पडद्यांत सगळं जग. ते सांगायचे, बाबूराव आणि आनंदराव यांनी रंगवलेला पडदा वर गेला की प्रेक्षक आधी पडद्याला टाळी द्यायचे, नट नंतर यायचा. कापड सरसानं घट्ट केलेलं, त्यावर मातीचे रंग. गुंडाळताना एक घडी चुकली तर रंग तडकायचा, म्हणून लाकडी दांड्यावर गुंडाळायचा, दोन्ही टोकांना दोन माणसं, एका तालात. आजोबा मला धोतराचं कापड घेऊन ते करून दाखवायचे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या रात्री मी खासबागेजवळ उभा होतो. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेली वास्तू. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. लोक काही न बोलता उभे होते. माझ्या शेजारचा रिक्षावाला रडत होता. तेव्हा मनात आलं, की ज्यांच्याकडे नाटकाचं काहीतरी शिल्लक आहे, एखादा फोटो, हिशेबाची वही, पेटीवरचं नाव, कागदाचा मुखवटा, ते सगळं एकदा तरी एका जागी आणून लोकांना दाखवायला हवं. घरी ठेवून आपण काय करतोय? माझ्याकडे आजोबांचा दोराचा हूक आहे, पितळी, हाताच्या घामानं एका बाजूला झिजलेला. मी देतो. परत नाही मागणार.

रंकाळावारा

दादा, माझ्याकडे आता लिहायला शब्द नाहीत. माझं बाबूरावांचं दालन तुमच्या हुकापासून सुरू होईल. दारातच.

तांबडापांढरा

माझ्या आत्याकडे जुन्या नाटकांच्या जाहिराती आहेत, पातळ रंगीत कागदाच्या. ट्रंकेत. विचारतो. नाद खुळा धागा झालाय हा.

जलरंगी

विचारा, पण त्या उलगडू नका! घडी तशीच राहू द्या, वरून टोकदार काहीही नको, आणि सेलोटेप तर मुळीच नको. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होतो आणि कागदात मुरतो. मी रविवारी येऊन बघते हवं तर.

फोर्टातला

मुंबईहून. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१७-१८ ला 'भारत आणि जग' हे प्रदर्शन झालं, ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सोबतीनं. देशभरातल्या आणि परदेशातल्या वस्तू शेजारी शेजारी मांडल्या होत्या. मी चार वेळा गेलो. त्यांची एक बसही आहे, चाकांवरचं संग्रहालय, २०१५ पासून शाळाशाळांत आणि गावोगावी जाते. आत पेट्या, खेळ, प्रतिकृती.

माझं म्हणणं, प्रदर्शन टाउन हॉलमध्ये मांडा, पण त्याची एक छोटी आवृत्ती बसमध्ये घालून गगनबावडा, आजरा, चंदगडला पाठवा. चंदगडच्या पोरानं कोल्हापूरला येण्यासाठी अख्खा दिवस घालवायचा का?

खडूफळा

चंदगडचीच शिक्षिका आहे. @फोर्टातला, दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. आमची सहल पन्हाळा, जोतिबा, रंकाळा आणि वेळ उरला तर संग्रहालय अशी असते. वेळ कधीच उरत नाही. पोरं दारातून आत आणि दुसऱ्या दारातून बाहेर, वीस मिनिटांत. मी त्यांना दोष देत नाही. साठ पोरं, दोन शिक्षक, आणि पाट्यांवरची भाषा अशी की मलाच दोनदा वाचावी लागते. एका ठिकाणी (गाव सांगत नाही) 'मृण्मय पात्रावशेष' अशी पाटी होती. पोरानं विचारलं, बाई, हे काय? म्हटलं, मडक्याचे तुकडे. तो म्हणाला, मग तसं का नाही लिहिलं?

माझ्या प्रदर्शनात पाट्या चौथीच्या पोरांनी लिहायच्या. वस्तू त्यांना दाखवायची, माहिती सांगायची, आणि त्यांनी लिहिलेलं तसंच लावायचं. अभिरक्षकांनी, म्हणजे संग्रहालय सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी, फक्त चूक असेल तेवढी दुरुस्त करायची.

उंबरठा

+१, +१, +१. आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि शाळेचं नाव.

वाचनवेडा

मला आबालालांवर परत यायचंय, कारण धाग्याची सुरुवात तिथून झाली होती. एक गोष्ट आपण सगळे सांगतो: शाहू महाराज १९२२ साली गेले तेव्हा आबालालांनी दुःखानं आपली चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली. प्रदर्शनात हे लिहायचं की नाही? माझं मत नाही. पुरावा काय?

कोटीतीर्थकाठ

मी लिहीन. पण 'असं सांगतात' म्हणून. आमच्या गल्लीत ही गोष्ट अजून सांगितली जाते. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या तर तळ्याकडे हात करायच्या. एवढ्या वर्षांनी एखाद्या चित्रकाराचं दुःख गल्लीला आठवतंय, हेही मांडण्यासारखंच आहे की.

वाचनवेडा

'असं सांगतात' लिहिलं तर माझी हरकत नाही. पण मग त्याच पाटीवर हेही लिहा की ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले होते, दरबाराचे चित्रकार होते, आणि १९३१ साली गेले. नाहीतर लोक फक्त तळं लक्षात ठेवतात आणि चित्रकार विसरतात. त्यांच्या पाण्याकडे बघा. रंगाचे छोटे छोटे फटकारे शेजारी शेजारी ठेवलेत, जवळून नुसते डाग. चार पावलं मागं आलात की सकाळ होते. हे समजायला लोकांना चार पावलं मागं यायला जागा पाहिजे. समोर दुसरी पेटी नको.

राजारामपुरी_७वीगल्ली

राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे संग्रहालयाचं कुणीच नाव घेतलं नाही! नट म्हणून सगळे ओळखतात. बाबूराव पेंटरांचे शिष्य. स्वतःचा बंगला आणि चित्रं सरकारला दिली. पेस्टल आणि पावडर शेडिंगमधली निसर्गचित्रं बघा, धुकं बोटानं पसरलंय असं वाटतं. माझं वय त्र्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, तरी अधूनमधून जाऊन बसतो. घरात चित्र बघितल्यासारखं वाटतं.

आणि तुमच्या सगळ्यांच्या प्रदर्शनाला माझी एकच मागणी. बाक ठेवा. पाठ असलेला. दर दहा पावलांवर नको, पण आबालालांसमोर एक हवाच. आमच्या वयाची माणसं चित्र बघायला येत नाहीत असं नाही, उभं राहवत नाही म्हणून लवकर निघतात.

मिरजकर_दादा

काका, बाक मी देतो. खरंच. सुतारकाम माझ्या घरात आहे. सागवानी नाही जमणार, पण जांभळाचा देतो, शंभर वर्षं टिकेल.

तांबडापांढरा

बघा, कुणी बाक दिला, कुणी हूक दिला, कुणी नकाशा. वटवाघळं तर आधीपासून आहेतच. आता फक्त दालन राहिलं.

खडूफळा

मग अर्ज करूया ना? मनापासून म्हणते. सगळं एकदम नाही. कोटीतीर्थकाठ यांची दहा चित्रं, चौथीच्या पोरांच्या पाट्या, एक बाक. एवढंच लिहून अभिरक्षकांना भेटू. नाही म्हणाले तर निदान ऐकून तरी घेतील.

जलरंगी

मी अर्जाला एक पान जोडते: उजेड किती, माउंट कसला, किती दिवस, कुठल्या महिन्यात. हे आधीच लिहिलेलं असलं की ज्यांच्या जबाबदारीवर चित्रं आहेत त्यांना धीर येतो. त्यांची काळजी खरी असते. चित्र खराब झालं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं.

हडसनकाठ

डिसेंबरात येतेय. माझ्याकडे त्या पाटीचा आणि पेटीचा फोटो आहे, दिवा कुठून लावला होता तेही दिसतं. तुम्हाला उपयोग होईल.

कोटीतीर्थकाठ

मंडळी, दोन दिवस लिहायला जमलं नाही, क्षमा करा. लेकीचा प्रकल्प जमा झाला. तिनं पोसायडनचं चित्र काढलं, त्याच्या रिकाम्या हातात त्रिशूळ नाही काढला, छत्री काढली. बाईंनी विचारलं का, तर म्हणे, "पंचगंगेकाठी राहायचं तर लागेल."

आज सकाळी शाळेला जाताना परत तळ्यापाशी थांबलो. पाण्यावर ऊन आलं होतं. तिनं चार पावलं मागं जाऊन बघितलं, @वाचनवेडा यांचं वाचून दाखवलं होतं म्हणून. मग म्हणाली, "आता दिसलं."

अर्जाचं ठरवूया. येत्या रविवारी अकराला टाउन हॉलच्या गेटात, सोमवारी बंद असतं म्हणून रविवारच बरा. काकांसाठी घरून खुर्ची घेऊन येते, बाक होईपर्यंत. कोण कोण येतंय?

रंकाळावारा

मी. आजोबांचा जलरंगही आणतो, जलरंगीताईंना दाखवायला. कापडात गुंडाळून, फ्रेम न उघडता.

पडद्याचा_नातू

येतो. हूक घेऊन.

भिंगरी

वडिलांना विचारलं. म्हणाले, प्रतिकृती नसली तरी चालेल, इमारतीचा दगड हाताला कसा लागतो ते बघतो. आम्ही दोघं अकराला गेटात.